तीन रातींची राखण

(जिल्ह्याच्या गावी आपत्ती नियंत्रण कक्ष. बुधवार, सकाळचे साडेनऊ. भिंतीवरच्या पडद्यावर भूम ते सोनारी रस्त्याचा नकाशा. समोर दोघं: नकाशे करणारी मोनिका आणि रस्त्याच्या कामावरचा तंत्रज्ञ कुमार. पुढं फोनवर मोनिकाचे वडील, लिंबाजी.)

कुमार: आणि मॅडम, हे गोल कसले?

मोनिका: वेळेचे. पेटी जिथनं गायब झाली, तिथनं कुणी चालत किती लांब नेईल तो आतला. मोटरसायकलवर नेली तर मधला. टेम्पोत टाकली तर बाहेरचा. तुम्ही सोमवार संध्याकाळ म्हणालात, म्हणून मी चाळीस तास धरलेत.

कुमार: बाहेरचा तर पार बार्शीच्या पलीकडं गेलाय.

मोनिका: म्हणून नुसत्या गोलावर शोधत नाही आपण. सॉफ्टवेअरला सांगायचं, वस्त्या कुठं, शाळा कुठं, भंगाराची दुकानं कुठं, वेल्डिंगवाले कुठं. जिथं माणसं जास्त आणि कुलूप तोडायची हत्यारं हाताशी, तिथं ते लाल रंग भरतं. पुण्याहून आलेल्या लोकांकडं मीटर चारच आहेत. चार गाड्या आधी लाल बघतील, मग केशरी, मग पिवळं. हिरवं सगळ्यात शेवटी.

कुमार: हिरवं म्हणजे तिथं कुणी राहत नाही.

मोनिका: हिरवं म्हणजे आमच्याकडं नोंद नाही.

कुमार: एकच झालं की.

मोनिका: नाही हो. एकच असतं तर मी रात्री झोपले असते. आधी मला परत सांगा, त्या पेटीत नेमकं काय आहे. पथकाला पाठवायच्या कागदावर लिहायचंय.

कुमार: रस्त्याचा भराव किती घट्ट बसलाय ते तपासायचं यंत्र. त्याच्या पोटात किरणं सोडणारा एक कण असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. शिशात गुंडाळलेला. पेटी बंद, कुलूप लावलेलं, तोवर फार भीती नाही. पण कुणी यंत्र फोडलं, तो दाणा बाहेर काढला, खिशात टाकला, तर... म्हणजे, तसं होऊ नये.

मोनिका: झालं तर?

कुमार: माणूस हळूहळू भाजत जातो, मॅडम. आणि त्याला कळत पण नाही कशानं.

मोनिका: बरं. असंच स्पष्ट हवं होतं. लिहिते.

कुमार: एक विचारू? हा एवढा मोठा हिरवा तुकडा रस्त्याला लागूनच आहे. माळच दिसतोय. हा सोडला तर आपला निम्मा वेळ वाचेल.

मोनिका: तिथं माणसं आहेत.

कुमार: मग नकाशात का नाहीत?

मोनिका: धनगरांचे वाडे पडतात तिथं, मेंढरांसकट तळ. सुगी झाली की शेतकरी मेंढरं रानात बसवायला बोलावतात, रान खतावतं. आज याच्या शेतात दोन राती, परवा त्याच्या. होती ती माणसं नकाशात. मी पुसली.

कुमार: तुम्ही?

मोनिका: भरली पण मीच होती. मागच्या पावसाळ्यात माळावर वीज पडून दोन बाया गेल्या. त्यांना सावध करायला कुणाकडं नंबर नव्हता, जागा माहीत नव्हती. मी म्हटलं, वाडे कुठं कुठं पडतात ते घेऊ नकाशात. माझ्या वडिलांनी सांगितलं सगळं, बोटांवर मोजून. धनगर आहोत आम्ही. दोन महिने खपून सत्तर जागा भरल्या. दिवाळीनंतर तिकडं विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या. कुणीतरी तो नकाशा मागून घेतला. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. एके दिवशी पहाटे सगळ्या वाड्यांवर पोलिसांच्या जीपा.

कुमार: अरे देवा.

मोनिका: माझा भाऊ वैजनाथ दोन दिवस ठाण्यात बसून होता. मोटारी सापडल्या भलत्याच माणसाच्या गोठ्यात. मग मी सत्तरच्या सत्तर ठिपके पुसले. दुसरी प्रत ठेवली नाही, मुद्दाम. पण तोवर वडलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चार महिने झाले.

कुमार: मग आता?

मोनिका: आता काय. लावते फोन. उचलला तर उचलला.

लिंबाजी: कोन?

मोनिका: मी, नाना. मोनिका.

लिंबाजी: बोला.

मोनिका: बोला काय, नाना? मी काय तहसीलदार हाय?

लिंबाजी: मागं पंख्याचा आवाज येतोय. ऑफिसातनं बोलती न्हवं? ऑफिसातल्या मानसाला आमी बोला म्हनतो.

मोनिका: बरं, बोलते. आई कशी हाय?

लिंबाजी: बसलीया.

मोनिका: वाडा कुटं हाय सध्या?

लिंबाजी: रानात.

मोनिका: कुणाच्या रानात?

लिंबाजी: देवाच्या.

मोनिका: नाना, भांडायचं आसंल तर संध्याकाळी भांडू, पोटभर. आत्ता ऐका. भूम-सोनारीच्या रस्त्यावर एक पिवळी पेटी हरवलीय. तिच्यात लई वाईट वस्तू हाय. फोडली तर हात लावणारा माणूस मरंल, आसपासचे आजारी पडतील. कुणाला दिसली का, एवढंच इचारायचंय.

लिंबाजी: पोलीस हायेत का तितं?

मोनिका: ...हायेत. शेजारच्या खोलीत दोघं.

लिंबाजी: म्हंजी चोरीची तक्रार हाय.

मोनिका: कागदावर चोरीच लिव्हलीय. खोटं न्हाय सांगत तुमाला.

लिंबाजी: मंग आमी न्हाय बघितली. मेंढरं पांगली, ठिवतो.

कुमार: ठेवला?

मोनिका: ठेवला.

कुमार: म्हणजे त्यांच्याकडं नाही. चला, तेवढा माळ तरी...

मोनिका: त्यांच्याकडंच आहे.

कुमार: ते तर नाही म्हणाले!

मोनिका: पेटी केवढी, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या नानांना दोरी मागितली तर किती हात विचारतात. सुई मागितली तर भोक केवढं विचारतात. पिवळी पेटी म्हटल्यावर केवढी, कसली, किती वजनाची, काही नाही? बघितलीय त्यांनी. कदाचित आत्ता समोरच आहे.

कुमार: मग सांगा की शेजारी! फोनच्या टॉवरवरनं पाच मिनिटांत जागा काढतील.

मोनिका: आणि जीप माळाला लागली की धूळ दोन कोसांवरनं दिसते. वैजू एकदा दोन दिवस बसून आलाय. तो काय करेल, सांगू? पेटी उचलून जवळच्या विहिरीत टाकेल. मग काढा तुम्ही ती गाळातनं. त्या विहिरींचं पाणी माणसं पितात, कुमार.

कुमार: मग काय, नुसतं बसायचं?

मोनिका: थोडा विचार करू. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आमच्यात रीत असते. परकं मेंढरू आपल्या कळपात शिरलं, तर तीन राती त्याला हात लावायचा नाही. चारायचं, पाजायचं, राखायचं. मालक आला आणि त्यानं खूण सांगितली की देऊन टाकायचं. तीन राती झाल्या आणि कुणी आलं नाही, तर ते आपलं. मेंढराचंच नाही, रस्त्यात सापडलेल्या वस्तूचं पण तसंच करतात. घोंगडं असो, बादली असो.

कुमार: तीन राती.

मोनिका: तुमची पेटी सोमवारी गेली. सोमवार, मंगळवार, आज तिसरी रात. म्हणजे उद्या सकाळपर्यंत तिला कुणी हत्यार लावणार नाही. तेवढ्यात मी आईला गाठते, नाहीतर स्वतःच जाते तिकडं. ...काय झालं? पाणी हवंय का? तोंड पांढरं पडलंय तुमचं.

कुमार: मॅडम, सोमवार नाही.

मोनिका: काय?

कुमार: रविवारी पडली. रविवारी संध्याकाळी. सोनारीच्या अलीकडं चढ आहे ना, तिथं पिकअप आदळली, मागचं फळकट उघडलं. साखळी लावायची राहिली होती. राहिली होती म्हणजे मीच लावली नव्हती. साइटवर पोचलो तर पेटी नाही.

मोनिका: मग सोमवार का सांगितलंत?

कुमार: सोमवारी दिवसभर मोटरसायकलवर एकटाच शोधत फिरलो. वाटलं, सापडेल गपचूप, कुणाला कळायचं नाही. रात्री जेवण गेलं नाही. मंगळवारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पडली असं लिहिलंस तर तुझी नोकरी गेली आणि कंपनीचा परवाना गेला. चोरीला गेली असं लिही. सोमवारी गेली असं लिही. मी लिहिलं.

मोनिका: रविवार, सोमवार, मंगळवार.

कुमार: हो.

मोनिका: तीन राती झाल्या, कुमार! आज सकाळी झाल्या. आज भूमचा बाजार आहे. बारा वाजायच्या आत भंगारवाले काटा लावून बसतात. आणि मी इथं चाळीस तासाचे गोल काढत बसलेय! तुमच्या एका दिवसाच्या भीतीपायी हा सगळा नकाशा खोटा आहे. माझे आईबाप आहेत तिथं. कळतंय का तुम्हाला?

कुमार: कळतंय.

मोनिका: काय कळतंय?

कुमार: भीतीनं माणूस काय करतो ते कळतंय. तुमचे वडील खोटं बोलले आणि मी पण. ते निदान माझ्यामुळं बोलले. मॅडम, फोन लावा. मी बोलतो त्यांच्याशी.

मोनिका: तुम्ही काय बोलणार?

कुमार: जे झालं ते.

मोनिका: ...उचलत नाहीत. परत लावते. उचला हो नाना. उचला.

लिंबाजी: सांगितलं न्हवं तुला?

कुमार: मामा, मी कुमार बोलतोय. पेटी माझी आहे. म्हणजे माझ्या ताब्यातली.

लिंबाजी: कुटला तू?

कुमार: माकणीचा.

लिंबाजी: माकनीचा? तुमचं रान ऱ्हायलं का धरनात गेलं?

कुमार: आजोबांचं गेलं, सात एकर.

लिंबाजी: मंग तुला सांगाय नको, नकाशावर कुनी रेघ वढली की खालच्या मानसाचं काय हुतं ते. बोल.

कुमार: मामा, ती चोरी नाही. कुणी चोरली नाही. गाडीची साखळी मी लावली नव्हती, म्हणून पडली. तुम्ही उचलली असेल तर राखण केलीत, उपकार केलेत. चोर कुणी असेल तर मीच, खोटं लिहिलं म्हणून.

लिंबाजी: हे मला सांगून काय उपेग? म्या काय मॅजिस्ट्रेट हाय? तितं पोलीस हायेत म्हनली माझी लेक. त्येंच्या म्होरं म्हन. माझ्या कानावर पडू दे.

मोनिका: नाना, त्याची नोकरी जाईल.

लिंबाजी: आनि आमचा वैजू जाईल ते? त्येला इचार, म्हनतो का.

कुमार: म्हणतो. मॅडम, फोन धरा असाच, स्पीकर चालू राहू द्या. चला तिकडं. ...हवालदारसाहेब, एक जबाब घ्या माझा. आत्ताच घ्या. काल दिलेली तक्रार खोटी आहे. पेटी चोरीला गेली नाही, माझ्या चुकीनं गाडीतनं पडली, रविवारी संध्याकाळी. हो, पूर्ण शुद्धीवर आहे. नाही, मॅडमनी काही शिकवलं नाही. तुम्ही लिहा ना, मी सही करतो. ज्यानं कुणी उचलली असेल त्याच्यावर काही नको. ते पण लिहा.

लिंबाजी: लिव्हतोय का त्यो?

मोनिका: लिव्हतोय, नाना. त्याचं पेन चालंना, माझं दिलंय.

लिंबाजी: सही केली?

मोनिका: करतोय. दोन्ही पानांवर. ...केली.

लिंबाजी: मंग ऐक. पेटी तुझ्या आईच्या बुडाखाली हाय.

मोनिका: काय?

लिंबाजी: काल दुपारधरनं बसलीया तिच्यावर. भाकरी बी तितंच, झोप बी तिलाच टेकून. वैजू म्हनत हुता, फोडून बघू, आत मशीन आसंल. कुऱ्हाडीची एक घातली त्येनं कुलपाला. ही धावली. दुसऱ्याचं कुलूप हाय म्हनली, आनि बसली वर चढून.

मोनिका: नाना, तिला उठवा. आत्ता. लांब न्या तिला.

लिंबाजी: उठंल का ती? सकाळी वैजू गाडी चालू करून हुबा ऱ्हायला. आये, तीन राती झाल्या, आता वस्तू आपली, बाजाराला नेतो. तर म्हनती, तीन राती मेंढराला. मेंढरू वरडतं, त्येच्या धन्याला हाक जाती. ही पेटी मुकी हाय, तिला ज्यादा राती लागत्यात.

मोनिका: आईला म्हणावं, लेक पाया पडती तुज्या, ऊठ.

लिंबाजी: हरने, पोरगी म्हनती ऊठ. ...न्हाय म्हनती. उठले की वैजू नेतो म्हनती. धनी आल्याबिगर उठायची न्हाय.

मोनिका: धनी आलाय म्हणा! माझ्या शेजारी उभा हाय. कुमार, बोला हो तिच्याशी.

कुमार: मामी, मी पेटीचा मालक. उठा तुम्ही, लई झालं. खूप राखलीत.

लिंबाजी: खून इचारती.

कुमार: काय?

मोनिका: खूण. मालकानं खूण सांगायची असते. कान कापलाय का, शिंग मोडलंय का, तसं.

कुमार: पेटी पिवळी, वर तीन पात्यांची काळी खूण...

लिंबाजी: ते तर वरनंच दिसतंय, कुनीबी सांगंल म्हनती. तुलाच ठावं आसंल आसं सांग.

कुमार: मलाच? थांबा. नंबर... नंबरची पट्टी पुसट झालीय. हां! डाव्या बाजूची मूठ तुटली होती. मी तिथं सुतळी गुंडाळलीय. आणि सुतळीचं टोक सुटायला लागलं म्हणून बायकोच्या नेलपॉलिशनं चिकटवलंय. गुलाबी.

लिंबाजी: हरने, डाव्या मुठीची सुतळी बघ. टोकाला काय हाय? ...हाय म्हनती. गुलाबी हाय. उठली, उठली बया एकदाची.

मोनिका: आता सगळे लांब व्हा. शंभर पावलं. वैजूला पण न्या, मेंढरं पण हाका. कुणी पेटीला हात लावू नका.

कुमार: मामा, कुलूप कसं आहे? तुटलंय?

लिंबाजी: कडी वाकलीया. कुलूप जागच्या जागी हाय. झाकन उघडलं न्हाय कुनी.

कुमार: देवा. मॅडम, उघडली नाही.

मोनिका: ऐकलं मी. रडू नका आत्ता, मला पण रडायला येईल आणि काम राहील. नाना, जागा सांगा. गाडी धाडायची हाय. जीप न्हाय, पांढरी गाडी. आत दोघं, खाकी कपड्यातलं कुणी न्हाय.

लिंबाजी: सोनारीच्या अलीकडं चढ संपला की डाव्या हाताला दगडी बांध. बांधानं नीट गेलं की जळकी बाभळ. बाभळीच्या खाली महालिंगप्पाचं रान. तितं हाव.

मोनिका: उपग्रहाच्या चित्रात बांध दिसला. पुढं झाड हाय, पण ते जळकं न्हाय, हिरवंगार हाय.

लिंबाजी: चित्र कवाचं हाय तुझं?

मोनिका: गेल्या सालचं.

लिंबाजी: मंग तीच. औंदा जळाली.

मोनिका: बरं. सोनारीतलं पथक जवळ हाय, चार किलोमीटर. नकाशा ओढ्यावरनं रस्ता दाखवतोय, बारा मिनटं.

लिंबाजी: ओढ्यानं आनू नको. पावसाळ्यात मोरी वाहून गेली, गाडी बसंल गाळात. देवळाच्या मागनं गाडीवाट हाय, तिनं यायला सांग.

मोनिका: ती न्हाय हो नकाशात.

लिंबाजी: नकाशाला कोन इचारतंय? मेंढरांनी पाडलीया ती वाट. पन्नास वरसं झाली.

मोनिका: थांबा, मी ओढते रेघ. देवळाच्या मागनं... मग?

लिंबाजी: मंग दोन चिंचा. मोठ्या चिंचंपासनं उजवीकडं. आता उजवीकडं म्हंजी सोनारीकडनं येनाऱ्याच्या उजवीकडं. उगा माझ्या उजवीकडं काढशील.

मोनिका: काढली बरोबर. कुमार, पथक दोनला द्या हे. देवळामागनं, मोठ्या चिंचेपासनं उजवीकडं. ओढ्याकडं अजिबात नको.

कुमार: निघाले, मॅडम. बाकीच्या तिघांना जागेवर थांबायला सांगू?

मोनिका: सांगा. भूमच्या बाजारातल्यांना पण सांगा, घाई नाही आता, चहा घ्या म्हणावं.

लिंबाजी: मोनिका.

मोनिका: हं, नाना.

लिंबाजी: तुज्या आईला काय हुईल का?

मोनिका: कुमार, तुम्ही सांगा. खरं सांगा, धीर देऊ नका नुसता.

कुमार: मामा, पेटी बंद होती, म्हणजे बरीचशी किरणं आतच राहतात. वर बसल्यामुळं थोडी लागली असतील. दवाखान्यात एखादा फोटो काढतात ना, तशातली. मीटरवाले येऊन नेमकं मोजतील. रक्त तपासून घ्यावं लागेल, ते घ्याच. पण उघडली असती तर मी असं बोलू शकलो नसतो.

लिंबाजी: तिनं थांबवलं म्हनून.

कुमार: त्यांनीच थांबवलं.

लिंबाजी: ऐकलंस का गं, हरने? ...म्हनती, मला काय कळतंय त्यातलं, म्या आपली बसले.

मोनिका: नाना, फोन ठेवू नका. गाडी दिसंपर्यंत बोलत ऱ्हावा.

लिंबाजी: काय बोलू? चार महिन्याचं एका फोनात बसतंय व्हय?

मोनिका: बसंल तेवढं बोला.

लिंबाजी: वैजूला पोरगी झाली.

मोनिका: ठावं हाय. आईनं चोरून फोन केला हुता.

लिंबाजी: मला वाटलंच हुतं. ...ते बघ, धूळ उठली. देवळाच्या बाजूनं हाय. पांढरी गाडी. बरुबर याय लागलीत, चिंचंपाशी वळली बी. दोघं जन उतरले. एकाच्या हातात टकटक करनारं यंत्र हाय. पेटीकडं निघालाय, एकेक पाऊल टाकत. वैजूचं तोंड बघाय पायजे हुतं तू.

कुमार: मॅडम, पथकाचा फोन. आकडे ठीक आहेत म्हणतात. बाहेरून गळती नाही. दाणा जागेवर. तुमच्या आईजवळ, मेंढरांजवळ, सगळीकडं तपासलं, कुठं काही चिकटलेलं नाही.

मोनिका: खरंच?

कुमार: खरंच. आईंना घेऊन इकडंच येतायत, मोठ्या दवाखान्यात. मी येऊ तिथं? नाही म्हणजे... मला त्यांना एकदा बघायचंय.

मोनिका: या की.

कुमार: आधी साहेबांचा फोन घेतो. सात वेळा येऊन गेलाय. बाहेर जाऊन घेतो, ओरडतील ते, तुम्हाला ऐकायला नको.

मोनिका: कुमार. इथंच घ्या. बसा. मी कानात बोटं घालते.

लिंबाजी: पोरगा बरा हाय गं.

मोनिका: बरा हाय. एक दिवस उशिरा बरा झाला, एवढंच.

लिंबाजी: तुला बी चार महिने लागले, मला बी. त्येला एक दिस लागला.

मोनिका: नाना, मला लई भ्या वाटलं आज. नकाशावर तुमी हाव तिथं नुसता हिरवा रंग हुता. मीच केलेला. वाटलं, तुमाला वाचवायला म्हणून पुसलं, आणि पुसलं म्हणूनच आता जाताय.

लिंबाजी: रडू नको. आई चढली गाडीत. म्होरल्या सीटवर बसलीया, खिडकीपाशी. आजवर जीपंत मागंच बसवलं हुतं आमाला.

मोनिका: मला आज अहवाल लिव्हावा लागंल, नाना. पेटी कुटं सापडली ते टाकावं लागतं. नाव कुणाचं टाकत न्हाय, जागा तेवढी. आणि परत वाड्याच्या जागा तुमाला इचारणार न्हाय मी. वीज पडायची भीती आसली तर फोनच करीन, हाव तिथं हाव म्हणा, बास.

लिंबाजी: महालिंगप्पाच्या रानात आजची रात. उद्या सिद्धारामच्या तुरीत, दोन राती. मंग गौरीशंकरचं माळवदाचं घर हाय न्हवं, त्येच्या मागच्या पट्टीत चार राती.

मोनिका: नाना, म्या इचारलं न्हाय.

लिंबाजी: व्हय. म्हनून तर सांगाय लागलोय. लिव्ह.